मार्जारांवरील पिसवानाशक योजना : कृमिघ्न द्रव्यांची मर्यादा आणि आपली जबाबदारी

पावसाळ्याच्या उत्तरार्धात चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वैद्यांकडे आणि औषधी दुकानांत एक मागणी नेमाने येते. घरच्या मांजरास पिसवा झाल्या आहेत, तेव्हा एखादे तेल अथवा चूर्ण द्यावे, अशी ती मागणी असते. पशुवैद्यकीय दवाखाना तालुक्याच्या गावी, मध्ये नदीनाले आणि जंगलाची वाट. त्यामुळे एटापल्ली, धानोरा, कोरची, जिवती यांसारख्या तालुक्यांतील माणूस प्रथम जवळच्या वैद्याचे वा दुकानदाराचे दार ठोठावतो. तो बहुधा एक अटही घालतो : औषध झाडपाल्याचे असावे, म्हणजे अपाय होणार नाही.

या अटीतच खरा धोका दडलेला आहे. मनुष्य, गाय, बैल अथवा कुत्रा यांना जे द्रव्य सहज सोसते, ते मांजरास सोसेलच असे नाही. आणि यात कृत्रिम कीटकनाशकांइतकाच आपल्या भांडारातील अनेक वनस्पतिज द्रव्यांचाही समावेश होतो. आपल्या हातून दिलेल्या बाटलीने एखाद्या घरचे मांजर तडफडून मेले, तर त्या घराचा आयुर्वेदावरील विश्वासही त्याबरोबर जातो. म्हणून हा विषय किरकोळ न मानता त्याची साकल्याने मांडणी करण्याचे आम्ही योजिले आहे.

मांजराचे मोल

पूर्व विदर्भातील हा धानाचा मुलूख आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी, देसाईगंज या पट्ट्यात वर्षाचे धान घरातच साठविले जाते. धान आले की उंदीर येतात आणि उंदरांमागे सापही येतात. अशा घरात मांजर हे केवळ लाडाचे जनावर नसून धान्याचे राखणदार असते. त्याच्या जाण्याने होणारी हानी पुढील हंगामात पोत्यांत मोजता येते.

पिसवांचा उपद्रव सोडून द्यावा असाही नाही. एक मादी पिसू दिवसाला सुमारे १३.६ मायक्रोलिटर रक्त शोषते, असे प्रयोगांत मोजले गेले आहे. या हिशेबाने ७२ माद्या दिवसाला सुमारे १ मिलिलिटर रक्त घेतात. ४०० ग्रॅम वजनाच्या पिल्लाच्या अंगात एकूण रक्त सुमारे २४ मिलिलिटर असते. म्हणजे रोज पंचविसाव्या हिश्शाच्या आसपास रक्त गेले, तर ते पिल्लू थोड्याच दिवसांत पांडुतेने मरू शकते. याखेरीज डायपिलिडियम हा पट्टकृमी पिसवेच्या पोटातून मांजरात येतो आणि पिसू चुकून गिळल्यास लहान मुलांतही उतरतो. मांजराच्या गुदाजवळ वा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर हा कृमी आहे असे समजावे. मांजराच्या ओरखड्यातून होणाऱ्या ज्वराचा बार्टोनेला हा जंतूही पिसवांच्या विष्ठेमार्फत पसरतो. सबब उपचार अवश्य करावा. प्रश्न आहे तो कशाने व कसा करावा, एवढाच.

पिसवेचा जीवनक्रम

मांजराच्या अंगावरील पिसू बहुतांशी टेनोसेफॅलाइडिस फेलिस या जातीची असते. ती अंगावर अंडी घालते, परंतु अंडी केसांना चिकटून राहत नाहीत. मांजर जेथे निजते, तेथे ती गळून पडतात. भरात असलेली मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. २ ते १० दिवसांत अळ्या बाहेर पडतात. त्या उजेडापासून दूर, फटींत, पोत्यांखाली, सारवणाच्या भेगांत शिरतात आणि प्रौढ पिसवांच्या वाळलेल्या रक्तमय विष्ठेवर वाढतात. पुढे त्या कोश विणतात. अनुकूल काळी कोशातून एकदोन आठवड्यांत पिसू बाहेर येते. प्रतिकूल काळी ती कोशातच कित्येक महिने पडून राहते आणि जनावराची चाहूल व ऊब लागताच उडी घेते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, अंगावर दिसणाऱ्या पिसवा या घरातील एकूण प्रजेच्या सुमारे ५ टक्केच असतात. उरलेल्या जमिनीवर असतात. केवळ मांजरास तेल चोपडून पिसवा का जात नाहीत, याचे उत्तर येथे आहे. दुसरी गोष्ट ऋतूची. अळ्यांना दमटपणा लागतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांखाली गेली अथवा उष्णता ३५ अंश सेल्सिअसवर गेली, तर त्या तग धरत नाहीत. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा उघड्या अंगणातील अळ्या आपोआप मरतात. पावसाळ्यात मात्र दमट, उबदार घर त्यांना सर्वथा अनुकूल ठरते. म्हणून या मागणीचा जोर श्रावण-भाद्रपदापासून वाढतो.

मार्जारशरीराचे वैशिष्ट्य

यकृत अनेक द्रव्यांना ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडून शरीराबाहेर टाकते. या कामासाठी जी विकरे लागतात, त्यांपैकी यूजीटी-१ए-६ या विकराचा जनुक मांजरात निकामी झालेला आहे, हे २००० साली अमेरिकेतील संशोधनातून सिद्ध झाले. २०११ च्या संशोधनात हीच उणीव मार्जारकुलातील अनेक वन्य प्राण्यांतही आढळली. म्हणजे ही उणीव घरच्या मांजरापुरती नसून ताडोबाच्या वाघापर्यंत पोहोचणारी कुलगत प्रकृती आहे. संपूर्ण मांसाहारी कुळाला वनस्पतींतील फिनॉलयुक्त द्रव्यांशी झुंजण्याची गरज पिढ्यान्‌पिढ्या पडली नाही, म्हणून हे विकर लोपले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

परिणामी मनुष्याला साध्या ज्वरावर दिली जाणारी ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. फिनॉल वर्गातील कोणतेही द्रव्य त्याच्या अंगात साचून राहते. मांजराच्या रक्तातील हिमोग्लोबिनही विशेष नाजूक असते. त्यावर ऑक्सिडीकरणास बळी पडणारी आठ स्थाने असतात. मनुष्यात ती दोन आणि कुत्र्यात चार असतात. म्हणून लसूण व कांदा यांनी मांजराच्या रक्तपेशी फुटतात.

तिसरी गोष्ट वैद्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. मांजर जागेपणीचा मोठा भाग अंग चाटण्यात घालविते. अंगाला लावलेला लेप काही घटकांत त्याच्या पोटात जातो. मनुष्याच्या बाबतीत अभ्यंग आणि पान हे दोन भिन्न मार्ग आहेत. मांजराच्या बाबतीत प्रत्येक अभ्यंग हे पानच होय. बाह्योपचाराची मात्रा ठरविताना हे विसरून चालणार नाही.

कृत्रिम द्रव्ये : कोणती घातक

यांत अग्रस्थान परमेथ्रिनचे आहे. कुत्र्यांच्या मानेवर टाकावयाच्या काही थेंबौषधांत ते ४५ टक्क्यांपर्यंत वा त्याहूनही अधिक असते. अशा औषधाचा १ मिलिलिटर साडेचार किलोच्या मांजरावर पडला, तर मात्रा किलोमागे १०० मिलिग्रॅम होते आणि ती जीवघेणी ठरल्याची नोंद आहे. हे द्रव्य केवळ पशुऔषधांतच असते असे नाही. खरजेसाठीचे ५ टक्क्यांचे आणि उवांसाठीचे १ टक्क्याचे परमेथ्रिन मलम वा द्रव बहुतेक औषधी दुकानांत मिळते. ३ किलोच्या मांजरास ५ टक्के मलम १० ग्रॅम चोपडले, तर ५०० मिलिग्रॅम परमेथ्रिन, म्हणजे किलोमागे सुमारे १६६ मिलिग्रॅम अंगावर जाते. ही मात्रा वरील घातक मात्रेहूनही मोठी आहे. माणसाच्या खरजेचे औषध मांजराच्या खाजेला चालेल, हा समज म्हणूनच प्राणघातक होय.

गोठ्यातील गोचिडांसाठी वापरली जाणारी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन व अमिट्राझ ही द्रावणे गुरांसाठी आहेत. ती मांजरावर कदापि वापरू नयेत. खरजेवरील बेंझिल बेंझोएट, ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके, शेतातील फवारणीच्या उरलेल्या औषधाचा अंश आणि रॉकेल यांनाही हाच निषेध लागू आहे. वरोरा, राजुरा, कोरपना या कापूसपट्ट्यात फवारणीची औषधे घरोघर असतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे बळी गेले. धडधाकट माणसाला जे सोसले नाही, ते ३ किलोच्या जिवास कसे सोसावे?

गडचिरोली हा महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार वाहणारा जिल्हा आहे. तेथे घरांत कीटकनाशकाची फवारणी होते आणि कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या वाटल्या जातात. ही कामे अत्यावश्यक आहेत. त्यांना विरोध करण्याचा प्रश्नच नाही. मात्र फवारणीच्या दिवशी भिंती पूर्ण वाळेपर्यंत मांजरास घराबाहेर ठेवावे, त्याची दुधाची वाटी झाकावी, मच्छरदाणी धुतल्याचे पाणी त्याच्या तोंडी लागेल असे टाकू नये, एवढी सूचना वैद्याने देणे उचित आहे.

आपल्या भांडारातील द्रव्ये

आता कटू भागाकडे वळू. नैसर्गिक ते निर्धोक, हा आपल्याच ग्राहकांत रुजलेला समज आपण तपासला पाहिजे. वनस्पतिज सुगंधी तेले असलेली ‘नैसर्गिक’ पिसवानाशके वापरल्यानंतर अमेरिकेतील प्राणिविष केंद्राकडे नोंदल्या गेलेल्या ३९ मांजरे व ९ कुत्री यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९२ टक्के प्राण्यांत विपरीत लक्षणे आढळली आणि काही दगावले. कित्येकांच्या बाबतीत औषध वेष्टनावरील सूचनेप्रमाणेच वापरले गेले होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात शुद्ध टी-ट्री तेलाच्या बाधेची ३३७ कुत्री व १०६ मांजरे नोंदली आहेत. परमेथ्रिनचे मूळही शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम या फुलात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे वनस्पतिज आणि कृत्रिम यांमधील रेषा किती पुसट आहे, ते कळते.

आपल्या नित्य व्यवहारातील द्रव्यांचा विचार पुढीलप्रमाणे करता येईल.

लवंग, तुळस व दालचिनी यांच्या तेलांत युजेनॉल, ओव्याच्या तेलात थायमॉल असते. ही सर्व फिनॉल वर्गातील असल्यामुळे मांजरास वर्ज्य. निलगिरी, पुदिना, कापूर, टर्पेंटाइन आणि लिंबूवर्गीय सालींचे तेल यांनी लाळ गळणे, तोल जाणे, कंप ही लक्षणे उद्भवतात. कापराने आक्षेपही येतात. म्हणून वेदनाशामक बाम वा तत्सम मिश्र तेल मांजरास लावू नये.

निंबतेलाविषयी आपल्या मनात विशेष आदर आहे आणि तो सार्थ आहे. त्यातील ॲझाडिरॅक्टिन कीटकांच्या वाढीस अडथळा करते. परंतु बाजारातील तेलात त्याचे प्रमाण घाणीगणिक बदलते, त्यामुळे मात्रा निश्चित करता येत नाही. निंबतेल अंगावर लावल्यानंतर मांजरांत लालास्राव, ग्लानी, कंप आणि आक्षेप आल्याच्या नोंदी पशुवैद्यकीय वाङ्मयात आहेत. निंबतेल पोटात गेल्याने लहान मुलांना यकृत व मेंदूची गंभीर बाधा झाल्याचे मलेशियातील वृत्त १९८१ साली प्रसिद्ध झालेले आहे. लहान शरीराची मर्यादा त्यावरूनही दिसते. निरे निंबतेल अथवा करंजतेल मांजराच्या अंगास चोळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सीताफळाच्या बियांचे चूर्ण उवांवर खेडोपाडी वापरले जाते. ते डोळ्यात गेल्यास बुबुळाला तीव्र इजा होते, हे मनुष्यांत वारंवार दिसून आले आहे. मांजर पंजाने तोंड पुसते, त्यामुळे चूर्ण डोळ्यात जाणे अटळ आहे. तंबाखूचे पाणी निकोटिनमुळे घातक. वेखंड, धोतरा, कण्हेर आणि बिबा यांविषयी वैद्यांना वेगळे सांगणे नलगे. पिसवा जाव्यात म्हणून अन्नातून लसूण देण्याची प्रथा वर सांगितलेल्या कारणास्तव सर्वस्वी त्याज्य होय.

धूपनाबद्दलही दोन शब्द. निंबपत्र, गुग्गुळ यांचे धूपन करावयाचे असेल, तर मांजर, पिल्ले व पक्षी बाहेर काढून करावे आणि खोली वारा खेळवून मोकळी झाल्यावरच त्यांना आत घ्यावे. धुराने कोशातील पिसू मरत नाही, हेही ध्यानी ठेवावे. जमीन पुसण्यासाठी क्रेसॉलयुक्त काळे फिनाईल अथवा क्लोरोझायलेनॉलयुक्त जंतुनाशक वापरल्यास मांजर त्या ओल्या जागेवरून चालते आणि पंजे चाटते. तेव्हा साबण व पाणी पुरेसे मानावे.

त्रिविध उपक्रम : आपले खरे सामर्थ्य

मग वैद्याने ग्राहकास रिकाम्या हाती पाठवावे काय? मुळीच नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कृमिचिकित्सेचे तीन उपक्रम सांगितले आहेत : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन. यूकादी बाह्य कृमींची गणना तेथे मलज कृमींत केलेली आहे. पिसवेचा जीवनक्रम समोर ठेवला, तर हे तीन उपक्रम आजच्या ज्ञानाशी तंतोतंत जुळतात आणि त्यांपैकी दोन द्रव्याविनाच साधतात.

अपकर्षण म्हणजे कृमी प्रत्यक्ष काढून टाकणे. उवांसाठी वापरतात तशी अतिशय बारीक दातांची फणी घ्यावी. मांजरास पांढऱ्या कापडावर बसवून मान, पाठ व शेपटीचे मूळ येथून रोज फणी फिरवावी आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात झटकाव्यात. कापडावर पडलेले काळे कण ओल्या कापसावर ठेवल्यास तांबूस डाग उमटतो. ती पिसवांची रक्तमय विष्ठा होय. ही निदानाची सोपी खूण आहे. आठ आठवड्यांखालील पिल्ले आणि अशक्त मांजरे यांच्यासाठी फणी हाच पहिला उपाय समजावा. पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर मात्र विलंब न लावता पशुवैद्यकाकडे न्यावे.

प्रकृतिविघात म्हणजे कृमींना अनुकूल असलेली स्थिती मोडणे. येथे मांजराचे अंग नव्हे, तर घराची जमीन हे क्षेत्र आहे. मांजर निजते तेथील पोते, गोधडी, चिंध्या आठवड्यातून एकदा कडकडीत पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात. धानाच्या कोठीमागचा कोपरा, चुलीजवळची जागा, खाटेखालचा भाग रोज झाडावा आणि केर घराबाहेर जाळावा. सारवणाच्या भेगा बुजवाव्यात. जागा कोरडी ठेवावी. कोश मागे राहतात, म्हणून हे काम किमान दोन ते तीन महिने खंड न पाडता करावे लागते. हे ग्राहकास प्रथमच सांगावे, म्हणजे पंधरा दिवसांनी पुन्हा पिसू दिसल्यास तो हताश होऊन रॉकेलाकडे वळणार नाही.

निदानपरिवर्जन म्हणजे मूळ कारण टाळणे. घरातील कुत्रा, शेळ्या आणि दुसरी मांजरे यांच्यावरही एकाच वेळी उपाय केला नाही, तर पिसवा एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतात. मात्र प्रत्येक जनावराचे औषध वेगळे असते. कुत्र्यास परमेथ्रिनचे औषध लावले असेल, तर दोनतीन दिवस मांजरास त्याच्याजवळ निजू देऊ नये.

येथे एक सावधगिरी. घरात वा परिसरात अकस्मात अनेक उंदीर मरून पडू लागले, तर पिसवांचा प्रश्न वेगळा होतो. उंदरावरील पिसू ही प्लेगची वाहक असते. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगचा उद्रेक झाला, हे आपणांस स्मरत असेल. असे दिसल्यास उंदरांना हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. मांजराच्या नेहमीच्या पिसवांवरून मात्र घबराट पसरवू नये.

औषध लागलेच तर

उपद्रव मोठा असेल, तर मांजरांसाठीच बनविलेले औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरावे. फिप्रोनिल १० टक्के थेंबौषधाची मांजरासाठीची मात्रा ०.५ मिलिलिटर आहे. इमिडाक्लोप्रिड १० टक्के असल्यास ४ किलोखालील मांजरास ०.४ आणि त्यावरील मांजरास ०.८ मिलिलिटर अशी मात्रा वापरतात. सेलामेक्टिन हाही पर्याय पशुवैद्यक सुचवितात. ही औषधे सर्वसाधारणपणे आठ आठवड्यांवरील पिल्लांपासून पुढे वापरली जातात. गाभण व दूध पाजणाऱ्या मांजरीच्या बाबतीत पशुवैद्यकास विचारूनच निर्णय घ्यावा.

थेंब टाकण्याची जागा म्हणजे कवटीच्या मुळाशी मानेचा मागचा भाग. तेथे मांजराची जीभ पोहोचत नाही. केस बाजूस सारून थेंब थेट त्वचेवर टाकावेत. पूर्ण वाळेपर्यंत दोन मांजरांना एकमेकांस चाटू देऊ नये. कुत्र्याच्या मोठ्या नळीतले थोडे थोडे औषध मांजरास वाटून देण्याचा काटकसरी मार्ग अंगीकारू नये; मात्रा चुकते हे एक, आणि काही श्वानौषधांत फिप्रोनिलबरोबर परमेथ्रिन मिसळलेले असते हे दुसरे. मांजरांचे औषध सशांवर वापरू नये; फिप्रोनिल सशांना घातक आहे.

शेताच्या बांधावर सापडलेले ठिपकेदार पिल्लू मांजराचे समजून कोणी आणले, तर ते वाघाटी, रानमांजर अथवा बिबट्याचे असू शकते. ही सर्व वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. त्यावर कोणताही उपचार न करता वन विभागास कळवावे.

विषबाधेची लक्षणे व प्रथमोपचार

काही तासांत, क्वचित दोनतीन दिवसांनीही लक्षणे दिसतात : तोंडातून फेस व लाळ, कानांची व त्वचेची फडफड, पाय लडखडणे, अंगभर कंप, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारणे आणि शेवटी आक्षेप. कंपाने अंगाचा ताप चढतो. पुढे अंग गारही पडते.

प्रथम कोमट पाण्याने व भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाने अंग धुवावे. फार गरम पाणी घेऊ नये, कारण त्याने त्वचेतून शोषण वाढते. धुतल्यावर टॉवेलाने कोरडे करून अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. विषचिकित्सेतील घृतपानाची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे, परंतु तूप, तेल वा दूध मुळीच पाजू नये. कंप पावणाऱ्या मांजराच्या ते श्वासनलिकेत जाते आणि ही विषे स्नेहात विरघळणारी असल्याने त्यांचे शोषणही वाढू शकते. वापरलेल्या औषधाचे वेष्टन सोबत घेऊन तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक दुकानात ठळक लिहून ठेवावा. परमेथ्रिनवर विशिष्ट उतारा नाही. तथापि आक्षेप आवरणारी औषधे व सलाईन वेळेवर मिळाल्यास अनेक मांजरे दोनतीन दिवसांत सावरतात. म्हणून वेळ दवडणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते.

कायद्याची बाजू

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्याबरोबर प्राण्यांसाठीच्या औषधांचाही समावेश आहे. म्हणजे मांजरासाठी ‘पिसवानाशक तेल’ बनवून विकणे हे परवान्याविना करता येणारे काम नव्हे. वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करण्याची जी मोकळीक त्यात आहे, ती दुकानात बाटल्या मांडून विकण्यास लागू पडत नाही. दुसरे असे की, भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांस आहे. पालकाप्यांचा हस्त्यायुर्वेद आणि शालिहोत्रांचे अश्वशास्त्र हा आपला अभिमानाचा वारसा आहे. परंतु त्या वारशानेच शिकविले आहे की प्रत्येक जातीच्या प्राण्याचे शास्त्र वेगळे असते. हत्तीची मात्रा घोड्यास चालत नाही, तशी मनुष्याची मांजरास चालत नाही.

दुकानदार बंधूंसाठी

मागणी आली की पाच प्रश्न अवश्य विचारावेत. औषध कोणत्या जनावरासाठी हवे आहे? त्याचे वय व अंदाजे वजन किती? ते गाभण वा दूध पाजणारे आहे काय? घरात आणखी कोणती जनावरे आहेत? यापूर्वी काय लावले आहे? या पाच प्रश्नांना दोन मिनिटेही लागत नाहीत.

कुत्र्यांची, गुरांची व मांजरांची औषधे फळीवर वेगवेगळी ठेवावीत. परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन वा अमिट्राझ असलेल्या प्रत्येक वेष्टनावर ‘मांजरावर वापरू नये’ अशी मराठी चिठ्ठी डकवावी. निंबतेल, करंजतेल, निलगिरी तेल यांच्या बाटल्यांवरही हीच चिठ्ठी असावी. भामरागड, सिरोंचा या बाजूस माडिया, गोंडी वा तेलुगू बोलणारा ग्राहक असेल, तर मांजराच्या चित्रावर फुली मारलेली खूण लेखी सूचनेहून अधिक उपयोगी पडेल. आणि सर्वांत महत्त्वाचे, बारीक दातांची फणी दुकानात ठेवावी. तिच्यावर नफा थोडा आहे, पण तिच्याने कोणाचेही मांजर मरत नाही.

उपसंहार

औषध विष होणे वा विष औषध होणे, हे योजनेवर अवलंबून असते, हा आपल्या शास्त्राचा मूलभूत सिद्धांत आहे. द्रव्याचे गुण पाठ असणे म्हणजे वैद्यक नव्हे. ते कोणत्या शरीरावर, कोणत्या मार्गाने आणि किती जाणार, हे जाणणे म्हणजे वैद्यक. मांजराच्या बाबतीत हा विवेक कित्येकदा ‘हे तेल देत नाही’ असे सांगण्यात आहे. तसे सांगून त्याच वेळी फणी, ऊन, झाडू आणि पशुवैद्यकाचा पत्ता ग्राहकाच्या हाती दिला, तर त्याला नकार मिळाला असे वाटणार नाही. योग्य उपचार मिळाला असेच वाटेल. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या प्रत्येक सभासदाच्या चिकित्सालयात व दुकानात या सूचनांचा एक फलक लागावा, अशी आमची विनंती आहे.